साडेनऊ हजार मतं आणि जर्मन युतीचं गणित

२३ फेब्रुवारी २०२५. जर्मनीत संध्याकाळी सहाला मतदान संपलं आणि नेहमीप्रमाणे त्याच मिनिटाला एक्झिट पोलचे रंगीत खांब टीव्हीवर उभे राहिले. पहिला कोण, दुसरा कोण, तिथेच कळलं. फ्रीडरिश मेर्त्स पुढचे चान्सेलर, म्हणजे तिथले पंतप्रधान, होणार यातही फारशी शंका उरली नाही. पण सरकार दोन पक्षांचं होणार की तीन, हे मध्यरात्र जवळ आली तरी कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

घोडं अडलं होतं ते बीएसडब्ल्यू नावाच्या, जेमतेम वर्षाभराच्या पक्षापाशी. संसदेत शिरायला पाच टक्के मतं लागतात. अंतिम निकालात या पक्षाला मिळाली ४.९८ टक्के. देशभरातल्या जवळपास पाच कोटी मतांत साधारण साडेनऊ हजार मतं कमी पडली. आपल्याकडे एखाद्या विधानसभेच्या जागेवर याहून मोठ्या फरकाने माणसं पडतात आणि दुसऱ्या दिवशी कुणी त्याची बातमीही करत नाही. तिकडे तेवढ्या मतांवर अख्ख्या देशाच्या सरकारचा आकार ठरला.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून मामांचा फोन आला.

"जिंकलं कोण शेवटी?"

"मेर्त्स. पण सरकार कोणाबरोबर करायचं ते ठरायचंय, मामा."

"म्हणजे? निवडणुकीआधी नाही का ठरवत तिकडे?"

नाही ठरवत. आपल्याला सवय आहे ती आधी आघाडी, मग जागावाटपाची रस्सीखेच, बंडखोरांची समजूत आणि मग प्रचार. मतदाराला निदान पाकिटावरचं नाव तरी माहीत असतं. निकालानंतर आतला माल बदलतो, तो भाग वेगळा. जर्मनीत प्रत्येक पक्ष आपापला लढतो, कारण जागा मतांच्या प्रमाणात मिळतात आणि त्यामुळे 'ही जागा तुला, ती मला' करण्यात काही फायदाच नाही. पक्ष प्रचारात फार तर एवढंच सांगतात की आम्ही अमक्याबरोबर जाणार नाही. हे 'जाणार नाही' ध्यानात ठेवा. पुढचं बरंचसं राजकारण त्यावरच फिरतं.

टक्के आणि जागा

जर्मन मतपत्रिकेवर दोन रकाने असतात. डावीकडे आपल्या मतदारसंघातले उमेदवार, उजवीकडे पक्षांच्या याद्या. डावीकडच्याला म्हणतात पहिलं मत आणि उजवीकडच्याला दुसरं. नावावरून पहिलं महत्त्वाचं वाटतं, पण संसदेतलं बळ ठरतं ते दुसऱ्या मतावर. बुंडेस्टाग, म्हणजे तिथली लोकसभा, आता ६३० जागांची आहे, आणि दुसऱ्या मतांच्या प्रमाणात त्या वाटल्या जातात. २०२३ च्या सुधारणेनंतर तर असं झालंय की मतदारसंघात पहिला येऊनही माणूस घरी बसू शकतो, जर त्याच्या पक्षाला दुसरी मतं तेवढी पडली नसतील तर. २०२५ मध्ये असे २३ 'विजेते' संसदेबाहेर राहिले. मामांना हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती.

आता पाच टक्क्यांची अट. १९१९ ते १९३३ या वायमार प्रजासत्ताकाच्या काळात संसदेत चिल्लर पक्षांची गर्दी झाली, चौदा वर्षांत वीसेक सरकारं आली नि गेली, आणि शेवटी हिटलर आला. त्या अनुभवाने पोळलेल्यांनी पुढे दारावर ही अट ठेवली. एक पळवाट आहे: तीन मतदारसंघ थेट जिंकले तर पाच टक्के नसले तरी चालतात. डाव्यांचा 'लिंके' पक्ष २०२१ मध्ये ४.९ टक्क्यांवर अडकूनही याच खिडकीतून आत आला. डॅनिश अल्पसंख्याकांच्या पक्षाला अट मुळातच लागू नाही. त्यांचा एक खासदार आहे.

जे पक्ष बाहेर राहतात त्यांची मतं जागावाटपात धरली जात नाहीत. २०२५ मध्ये अशी जवळपास १४ टक्के मतं गेली. हिशेब कागदावर करून बघा. मेर्त्स यांच्या सीडीयू-सीएसयूला २८.५ टक्के, एसपीडीला १६.४ टक्के. बेरीज ४४.९. ही पन्नासच्या खाली आहे, पण भागायचं आहे ते शंभराने नाही, तर आत आलेल्या पक्षांच्या सुमारे ८६ टक्क्यांनी. उत्तर येतं ५२ टक्के. ६३० पैकी ३२८ जागा. बहुमताचा आकडा ३१६. जमलं.

आता बीएसडब्ल्यू आत आली असती तर? भाजक ८६ वरून ९१ च्या आसपास गेला असता आणि तीच ४४.९ टक्के मतं ४९ टक्के जागांवर येऊन थांबली असती. बहुमत गेलं. मग तिसरा पक्ष शोधत फिरा. साडेनऊ हजार मतांचं मोल हे असं आहे.

रंग, झेंडे आणि फळं

जर्मन पक्षांना रंग आहेत आणि युत्यांची नावं त्या रंगांवरून पडतात, म्हणून रंग आधी. सीडीयू-सीएसयू काळा: मध्यापासून उजवीकडे, ख्रिस्ती-लोकशाहीवादी. हे दोन वेगळे पक्ष आहेत. सीएसयू फक्त बायर्न, म्हणजे बव्हेरिया, या एका राज्यात लढते आणि सीडीयू तिथे लढतच नाही. संसदेत दोघांचा गट एक. बोलताना सगळे त्यांना 'युनियन' म्हणतात. एसपीडी लाल: कामगार चळवळीतून आलेला, देशातला सर्वांत जुना मोठा पक्ष. एफडीपी पिवळा: उदारमतवादी, कर कमी करा म्हणणारा, उद्योजकांचा आवडता. ग्रीन्सचा रंग सांगायला नको. लिंके हा एसपीडीच्याही डावीकडचा, त्याची मुळं पूर्व जर्मनीतल्या सत्ताधारी पक्षापर्यंत जातात. बीएसडब्ल्यू ही लिंकेतून फुटलेल्या झारा वागनक्नेश्त यांची जांभळी चूल. आणि एएफडी निळा: २०१३ मध्ये युरो चलनाच्या विरोधात निघालेला आणि नंतर स्थलांतरितांच्या विरोधावर वाढलेला कडवा उजवा पक्ष.

लाल-पिवळा-हिरवा म्हणजे 'सिग्नल'. ओलाफ शोल्त्स यांचं २०२१ चं सरकार ते. काळा-हिरवा-पिवळा म्हणजे 'जमैका', झेंड्यावरून. काळा-लाल-हिरवा 'केनिया', तोही झेंड्यावरून. काळा-लाल-पिवळा आपसूकच 'जर्मनी'. काळा-हिरवा झाला की काही जण 'किवी' म्हणतात. थुरिंगिया या राज्यात २०२४ च्या डिसेंबरात सीडीयू, बीएसडब्ल्यू आणि एसपीडी एकत्र आले, तर त्याला म्हणाले 'ब्लॅकबेरी'. आपलं करवंद जसं पिकताना रंग बदलतं, तशी ती लाल, जांभळी, काळी होत जाते. शिस्तीचे म्हणून ओळखले जाणारे हे लोक आपल्या सरकारांना फळांची नावं देतात, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

२०२५ च्या संसदेत कोणाकडे किती: युनियन २०८, एएफडी १५२, एसपीडी १२०, ग्रीन्स ८५, लिंके ६४, डॅनिश पक्ष १. बेरजा करायला बसलात तर सर्वांत दणदणीत दोन पक्षांची युती दिसते युनियन आणि एएफडीची: ३६०. काळा-हिरवा २९३, म्हणजे २३ कमी. एसपीडी, ग्रीन्स आणि लिंके मिळून २६९, विषय संपला. युनियन, ग्रीन्स, लिंके ३५७. कागदावर झकास, प्रत्यक्षात हसू येईल असं. केनिया ४१३, पण दोघांत भागत असताना तिसऱ्याला कोण बोलावतो? राहिली काळी-लाल युती, ३२८.

पूर्वी या जोडीला 'महायुती' म्हणत (त्यांच्या भाषेत ग्रोसं कोआलिट्सिओन; आपल्या महायुतीशी गल्लत करू नका). १९६६ मध्ये कुर्ट गेओर्ग कीसिंगर यांच्या नेतृत्वाखाली ती पहिल्यांदा झाली तेव्हा संसदेतल्या जवळपास नव्वद टक्के जागा या दोघांकडे होत्या आणि विरोधात उरला होता एकटा एफडीपी. १९७६ मध्ये दोन्ही पक्षांची मिळून मतं होती ९१ टक्के. आज ४४.९. अर्धी. 'महा' हा शब्द आता जड जातो, म्हणून लोक नुसतंच 'काळी-लाल' म्हणतात.

काटा हलवणारा छोटा पक्ष

बरीच वर्षं तिथे अडीच पक्षांचा खेळ होता. काळा, लाल, आणि मधला पिवळा अर्धा. एफडीपीला मतं सात-आठ-दहा टक्के, पण तराजूचा काटा त्यांच्या हातात. १९६९ मध्ये तो विली ब्रांट यांच्याकडे झुकला आणि वीस वर्षांत पहिल्यांदा एसपीडीचा चान्सेलर झाला. १९८२ मध्ये तोच काटा उलटा फिरला.

तो प्रसंग जरा थांबून बघण्यासारखा आहे, कारण जर्मन राज्यघटनेतली सर्वांत चलाख तरतूद तिथे कामाला आली. चान्सेलरला नुसतं पाडता येत नाही. पाडायचं असेल तर त्याच ठरावात त्याच्या जागी कोण, ते नाव लिहावं लागतं आणि त्या नावाला बहुमत मिळवावं लागतं. नाही तर विद्यमान माणूस जागेवर. वायमारमध्ये कम्युनिस्ट आणि नाझी दोघं मिळून सरकार पाडायचे, पण नवं सरकार एकत्र बनवायची वेळ आली की अर्थातच जमायचं नाही. ती खोड मोडायला १९४९ ची राज्यघटना लिहिणाऱ्यांनी ही अट घातली. आजवर हा डाव दोनदा टाकला गेला. १९७२ मध्ये ब्रांट यांच्याविरुद्ध, तो दोन मतांनी फसला. पूर्व जर्मनीच्या गुप्तहेरांनी खासदार विकत घेतल्याचं नंतर बाहेर आलं. आणि १ ऑक्टोबर १९८२ ला एसपीडीच्या हेल्मुट श्मिट यांच्याविरुद्ध, तो यशस्वी झाला आणि युनियनचे हेल्मुट कोल चान्सेलर झाले. एफडीपीचे हान्स-डीट्रिश गेन्शर श्मिट यांचे परराष्ट्रमंत्री होते. सप्टेंबरात राजीनामा दिला, ऑक्टोबरात कोल यांचे परराष्ट्रमंत्री झाले आणि १९९२ पर्यंत राहिले. पंधरवड्याची सुट्टी घेतल्यासारखं. इथे मराठी वाचकाला फारसं काही समजावून सांगायला लागेल असं वाटत नाही.

मग ग्रीन्स आले, जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्वेकडून डावे आले, २०१७ मध्ये एएफडी आली, आणि दोन पक्षांत बहुमत जुळणं दुर्मीळ होत गेलं.

आधी चाचपणी, मग याद्या

निकालानंतर राज्यपाल-राष्ट्रपतींकडे धाव, पाठिंब्याची पत्रं, आमदारांची शिरगणती, पहाटेचा शपथविधी, असलं तिथे काही नाही. आधी 'चाचपणी' होते: दोन-तीन पक्षांची निवडक माणसं बसून बघतात की बोलणी करण्यात अर्थ आहे का. मग खरी बोलणी, विषयवार गटांमध्ये, आठवडेच्या आठवडे. शेवटी युतीचा करार. आपल्याकडे लग्नाआधी याद्या करायची पद्धत होती: मुलीकडचे काय देणार, मुलाकडचे काय करणार, जेवणावळ कोणाकडे, मानपान किती, सगळं कागदावर आणि दोन्हीकडच्या सह्या. अगदी तसं. मेर्त्स सरकारची यादी १४४ पानांची आहे. कोर्टात याचा उपयोग शून्य, पण मोडली तर चार लोकांत तोंड दाखवायची पंचाईत.

कलमं मात्र वाचण्यासारखी असतात. संसदेत दोन्ही पक्ष एकत्रच मतदान करणार, सोयीनुसार इकडचे-तिकडचे पाठिंबे जमवून एकमेकांना पाडणार नाहीत, हे लिहिलेलं असतं. कोणतं खातं कोणाला, तेही. यावेळी एसपीडीने १६ टक्क्यांत अर्थखातं आणि संरक्षणखातं दोन्ही पदरात पाडून घेतली, कारण मेर्त्स यांना दुसरा पर्यायच नव्हता हे समोरच्याला पक्कं माहीत होतं.

एक उदाहरण जवळून बघू, आपल्या लोकांच्या रोजच्या बोलण्यातलं. म्युनिक, श्टुटगार्ट, बर्लिनमध्ये आयटी आणि वाहनउद्योगात काम करणारी मराठी मंडळी गणपतीला भेटली की वर्षभर एकच विषय होता: पासपोर्ट. जर्मन नागरिकत्वासाठी पूर्वी आठ वर्षं राहावं लागे. शोल्त्स यांच्या सिग्नल सरकारने जून २०२४ पासून ते पाचवर आणलं, भाषा आणि नोकरी उत्तम असेल तर तीनवर, आणि जुनं नागरिकत्व ठेवायलाही मुभा दिली. (भारतीयांना या मुभेचा उपयोग नाही, कारण भारतच दुहेरी नागरिकत्व देत नाही, निळा पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यावं लागतं.) युनियनने प्रचारात हे सगळं मागे फिरवू म्हणून सांगितलं. एसपीडीने तर तो कायदा स्वतःच आणलेला. मग बोलणी झाली आणि यादीत आलं ते असं: तीन वर्षांची सवलत रद्द, पाच वर्षं कायम, दुहेरी नागरिकत्व कायम. ऑक्टोबर २०२५ मध्ये तसा कायदा झाला. दोघांनाही आपापल्या लोकांना सांगायला काहीतरी मिळालं. तीन वर्षं भरत आलेले आणि सी-१ पातळीची जर्मन भाषेची परीक्षा देऊन बसलेले मात्र मधल्या मध्ये अडकले.

करार झाला तरी पुढे एक पायरी असते. एसपीडी आपल्या सगळ्या सदस्यांना विचारते. तिकीट मिळालेले नाहीत, आमदार-खासदार नाहीत, साधे वर्गणी भरणारे सदस्य. २०२५ मध्ये ८४.६ टक्क्यांनी हो म्हटलं. २०१८ मध्ये हाच आकडा ६६ होता, आणि त्यावेळी लोकांचा जीव खरोखर टांगणीला लागला होता, कारण त्याआधी एक बोलणी फिसकटली होती.

ती जमैकाची. २०१७ च्या निवडणुकीनंतर अँगेला मेर्केल युनियन, ग्रीन्स आणि एफडीपीला घेऊन चार आठवडे चाचपणी करत होत्या. बर्लिनमधल्या एका जुन्या इमारतीच्या सज्जात नेते येऊन उभे राहायचे, खालून कॅमेरे टिपायचे, आणि त्या सज्जातल्या हसण्यावरून पत्रकार बोलणी कुठवर आली याचे अंदाज बांधायचे. १९ नोव्हेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास एफडीपीचे क्रिस्टियान लिंडनर बाहेर आले आणि म्हणाले, चुकीचं सरकार चालवण्यापेक्षा सरकार न चालवलेलं बरं. संपलं. मग विरोधात बसायचं ठरवून बसलेल्या एसपीडीला राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांनी समजावून परत मांडवात आणलं. निवडणुकीपासून चान्सेलर निवडेपर्यंत १७१ दिवस गेले. तोवर जुनं सरकार काळजीवाहू म्हणून चालू होतं, आगगाड्या धावत होत्या (वेळेवर नव्हत्या, पण तो जर्मन रेल्वेचा स्वतंत्र लेखाचा विषय आहे).

तीन तिघाडा

हेच लिंडनर २०२१ मध्ये सिग्नल सरकारात अर्थमंत्री झाले आणि त्या सरकारचा शेवटही त्यांच्यापाशीच झाला. एसपीडी आणि ग्रीन्सना हवामान, उद्योग, निवृत्तिवेतन यावर खर्च हवा. एफडीपीला कर्ज नको. जर्मन राज्यघटनेतच कर्जाला लगाम आहे. ही ओढाताण त्यांनी सुरुवातीला एका युक्तीने मिटवली: कोरोनाकाळासाठी मंजूर झालेल्या पण न वापरलेल्या कर्जातले ६० अब्ज युरो हवामान-निधीत वळवले. १५ नोव्हेंबर २०२३ ला घटना-न्यायालयाने ते रद्द केलं. पैसा होता तोवर तिघांत गोडवा होता. त्यानंतर वर्षभर नुसती भांडणं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला, अमेरिकेत ट्रम्प निवडून आल्याच्याच दिवशी, शोल्त्स यांनी लिंडनर यांना काढून टाकलं.

मग शोल्त्स यांनी संसदेत विश्वासदर्शक ठराव मांडला, तो हरण्यासाठी. हे वाचून गोंधळायला होतं, पण चान्सेलरला मनात आलं म्हणून संसद विसर्जित करता येत नाही. विश्वास गमावला तरच राष्ट्राध्यक्षांकडे जाता येतं. १६ डिसेंबरला २०७ विरुद्ध ३९४ अशी ठरवून हार झाली आणि निवडणूक लागली. एफडीपीला त्यात ४.३ टक्के मिळाली. काटा हलवणारा पक्ष तराजूतूनच बाहेर गेला.

आगभिंत

आता त्या ३६० जागांकडे. दोन घरांमध्ये, एकाला आग लागली तर दुसऱ्यात पसरू नये म्हणून जी जाड भिंत बांधतात तिला जर्मनमध्ये 'ब्रांडमाउअर' म्हणतात. एएफडीबरोबर कोणीही युती करायची नाही, या संकेताला तेच नाव पडलं आहे. सीडीयूने २०१८ च्या अधिवेशनात तसा ठरावच केला, आणि त्याच ठरावात लिंकेलाही बाहेर ठेवलं.

भिंत किती पक्की आहे हे थुरिंगियात ५ फेब्रुवारी २०२० ला दिसलं. तिथल्या विधानसभेत एफडीपीचे थोमास केमेरिश अचानक मुख्यमंत्री निवडले गेले, कारण एएफडीने स्वतःच्या उमेदवाराला सोडून त्यांना मतं टाकली आणि सीडीयूनेही त्यांनाच दिली. पाच टक्क्यांनी जेमतेम आत आलेल्या पक्षाचा माणूस मुख्यमंत्री! अभिनंदनाची रांग लागली. लिंकेच्या गटनेत्या सुझान हेनिग-वेलझोव्ह फुलांचा गुच्छ घेऊन चालत आल्या, केमेरिश यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि तो गुच्छ त्यांच्या पायाशी टाकून वळून निघून गेल्या. दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असलेल्या मेर्केल तिथूनच म्हणाल्या की हे अक्षम्य आहे. केमेरिश यांनी काही दिवसांत राजीनामा दिला, आणि तिकडे बर्लिनमध्ये सीडीयूच्या अध्यक्षांचंही पद गेलं.

मेर्त्स यांनी जानेवारी २०२५ मध्ये, प्रचार ऐन भरात असताना, स्थलांतराविषयीचा एक ठराव एएफडीच्या मतांनी मंजूर होऊ दिला. युती नाही, करार नाही, नुसता ठराव. तरी शहराशहरांत लाखो लोक रस्त्यावर आले. दोनच दिवसांनी त्याच विषयावरचं विधेयक आलं तेव्हा त्यांच्याच गटातले काही जण मतदानाला फिरकले नाहीत आणि ते पडलं.

मला ती भिंत असावी असंच वाटतं. १९३३ ज्या देशात घडलं, तिथल्या लोकांनी या बाबतीत जरा जास्तच सावध राहिलेलं बरं. पण तिची किंमत पक्ष मोजतायत हेही खरं. मतदार उजवीकडे सरकला तरी युनियनला जोडीदार मिळतो तो डावीकडचाच, मग करार अर्धा-अर्धा होतो, मग उजवा मतदार म्हणतो की काळ्याला मत दिलं तरी लालच पदरात पडतं, आणि पुढच्या वेळी निळ्याकडे जातो. निळा वाढला की उरलेल्यांना आणखी घट्ट एकत्र यावं लागतं. यातून सुटायचं कसं, यावर दर रविवारी तिथल्या टीव्हीवर चर्चा होते, आणि दर सोमवारी सगळं जिथल्या तिथे असतं.

लिंकेच्या बाजूची भिंत मात्र आता ठिकठिकाणी उकरली गेली आहे. थुरिंगियातल्या त्या ब्लॅकबेरी सरकारकडे ८८ पैकी ४४ जागा आहेत. बरोब्बर निम्म्या. लिंकेने कधी साथ दिली, कधी नुसती मान वळवली, तरच काम होतं. आणि बर्लिनमध्ये राज्यघटना बदलायची तर दोन तृतीयांश, म्हणजे ४२० जागा लागतात. युनियन, एसपीडी, ग्रीन्स मिळून ४१३. सात कमी. म्हणूनच मार्च २०२५ मध्ये एक अजब प्रकार झाला: नवी संसद निवडून आली असताना, ती बसण्याआधी, जुन्या संसदेला बोलावून कर्जाचा लगाम सैल केला गेला आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मंजूर झाला. जुन्या संसदेत ते गणित बसत होतं. नियमात होतं. बरं दिसत नव्हतं.

६ मे

सगळं ठरलं. करार झाला, सदस्यांनी हो म्हटलं, आदल्या दिवशी सह्या झाल्या. ६ मे २०२५ ला सकाळी राइशटागच्या, म्हणजे संसदभवनाच्या, काचेच्या घुमटाखाली मेर्त्स यांची निवड व्हायची होती. मतदान गुप्त असतं, खासदार एकेक करून मत टाकून येतात. प्रेक्षकांच्या सज्जात मेर्केल बसल्या होत्या. अध्यक्षा यूलिया क्लक्नर यांनी आकडा वाचला: बाजूने ३१०. हवे होते ३१६. युतीकडे होते ३२८.

असं १९४९ पासून कधीच झालं नव्हतं. कोनराड आडेनाउअर पहिल्यांदा एका मताने निवडून आले होते, पण आले होते. पहिल्या फेरीत कोणी पडलं नव्हतं.

राज्यघटना म्हणते, आता चौदा दिवस आहेत, पुन्हा मतदान घ्या. पण त्याच दिवशी घ्यायचं असेल तर कामकाजाचा नियम बाजूला ठेवावा लागतो, आणि त्याला लागतात दोन तृतीयांश. म्हणजे ४१३ पुरत नाहीत. म्हणजे ज्या लिंकेबरोबर काही संबंध ठेवणार नाही असा ठराव २०१८ पासून कपाटात आहे, त्यांना फोन करणं आलं. युनियनने केला. लिंकेने हो म्हटलं. दुपारी सव्वातीनच्या सुमाराला दुसरी फेरी झाली, ३२५ मतं पडली आणि मेर्त्स चान्सेलर झाले.

मामांना हे सगळं सांगून झालं तेव्हा त्यांना एकाच गोष्टीत रस होता.

"ते अठरा जण कोण होते? त्यांचं पुढे काय केलं?"

"माहीत नाही, मामा. गुप्त मतदान होतं."

"अरे, पण शोधून तर काढलं असेल. अपात्र केलं असेल. पक्षांतरबंदी?"

"तसला कायदाच नाही तिकडे. खासदार फक्त आपल्या सदसद्विवेकाला बांधील, असं घटनेत लिहिलंय."

"आणि दुपारी परत मतदान होईपर्यंत त्यांना कुठल्या हॉटेलात वगैरे..."

"नाही. कँटीनमध्ये जेवत होते बहुतेक."

मामा म्हणाले, बरं, आणि विषय बदलून तिकडे थंडी कमी झाली का ते विचारलं.